तुमचे प्रश्न : रिपोर्टावर सगळे ‘आर’च

मागच्या अंकात लघवीच्या कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू उगवून पाहण्याच्या तपासणीवर लिहिलं, तर पत्रं आली जखमांची. एकूण अकरा. त्यातली पाच इथं घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. एकतीस वर्षं मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली, तिथं मी औषध लिहून दिलं नाही. कुठलं औषध चालणार नाही, एवढंच कळवायचं काम केलं. त्यामुळे पत्रावरून कुणाला गोळी सांगणार नाही. तुमच्या हातातला कागद वाचून देते. त्यावर औषधापुढे ‘आर’ असेल तर ते त्या जंतूवर चालत नाही, ‘एस’ असेल तर चालतं, ‘आय’ म्हणजे अधलंमधलं.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे वडील ६२ वर्षांचे, बारा वर्षांपासून साखर आहे. पौषात खोडव्यात दारं धरताना उसाचं धसकट तळपायात घुसलं. दुखलंच नाही म्हणून ते काही बोलले नाहीत, रात्री अंथरुणावरचा डाग आईनं पाहिला. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या, मग आठ दिवस इंजेक्शनं दिली. जखम वरून धरते आणि पुन्हा फुटते. आता तालुक्याला कल्चर केलं. पहिल्या पानावर ‘एमआरएसए’, १४ पैकी ९ औषधांपुढे ‘आर’. दुसऱ्या पानावर ‘क्लेबसिएला’, १६ पैकी १२ ‘आर’. चुलते म्हणतात, औषधच उरलं नाही, आता पाय काढतील. घरात लहान मुलं आहेत, त्यांना आजोबांजवळ जाऊ द्यायचं का? रिपोर्टाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. (माळशिरस तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : चुलत्यांना सांगा, ‘आर’ मोजायचे नसतात. नऊ विषयांत नापास झाल्यासारखा हा कागद सगळे वाचतात. दोष आमचा आहे, आम्ही तो गुणपत्रिकेसारखाच छापतो.

तो कसा तयार होतो ते ऐका. जखमेतून आलेला नमुना जंतूंचं खाद्य भरलेल्या प्लेटवर फिरवून ३७ अंशांना रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी उगवलेल्यातली एक कॉलनी, म्हणजे जंतूंचा एक ठिपका, उचलायची, मिठाच्या पाण्यात कालवायची आणि ते पाणी नव्या प्लेटवर सारवायचं. अंगण सारवतात तसंच, कुठं फट न ठेवता. वर औषध भरलेल्या कागदाच्या चकत्या मांडायच्या. सहा मिलिमीटरच्या, अगदी कपाळावरच्या टिकलीएवढ्या. सकाळपर्यंत साऱ्या प्लेटवर जंतूंची साय धरते. जे औषध जंतूला मारतं, त्याच्या टिकलीभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ राहतं. मग पट्टी घेऊन ते मोजायचं. यात सेफॉक्सिटिनची एक टिकली असते. तिचं वर्तुळ २२ मिलिमीटर भरलं तर साधा स्टॅफिलोकॉकस जंतू, २१ भरलं तर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. एका मिलिमीटरवरून माणसाचं औषध बदलतं, म्हणून नव्या मुलींना मी आधी चष्मा पुसायला लावत असे.

त्या एका टिकलीनं ‘आर’ दिला की पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, सेफॅलेक्सिन, सेफाझोलिन, सेफट्रायॅक्सोन ही सगळी भावकी त्याच्याबरोबर गेली. जंतू आपली भिंत ज्या प्रथिनानं बांधतो, त्याला पकडून ही औषधं काम करतात. एमआरएसएकडे त्या कामासाठी वेगळंच प्रथिन असतं आणि ते या औषधांच्या हाती लागत नाही. याच भावकीतलं मेथिसिलिन वापरात येऊन जेमतेम एकदोन वर्षं झाली होती, तेव्हा १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये असे जंतू सापडले, म्हणजे गोष्ट माझ्या पिढीएवढी जुनी आहे. तुमच्या पहिल्या पानावरचे नऊ ‘आर’ मी पेन्सिलीनं खुणा करत पाहिले. सात याच भावकीतले आहेत. घर एकच, फक्त सात नावांनी छापलंय. उरलेले दोन एरिथ्रोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. खाली पाच ‘एस’ आहेत, त्यांच्याकडे कुणी पाहिलेलंच दिसत नाही. त्यात डॉक्सीसायक्लिन आहे, को-ट्रायमोक्सॅझोल आहे. जुन्या गोळ्या, आणि इतक्या स्वस्त की त्यांची आठवणही कुणाला होत नाही.

दुसरं पान जास्त अवघड आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. क्लेबसिएला हा दुसरा जंतू. त्याच्यापुढे अँपिसिलिनचा ‘आर’ आहे, तो जन्मजात असतो, तो सोडून द्या. पण मेरोपेनेमही ‘आर’ आहे, आणि ते आपण मागं राखून ठेवलेलं औषध. राहिली अमिकासिन, मिनोसायक्लिन, टायगेसायक्लिन. कोलिस्टिनपुढे ‘आय’ पाहून घाबरू नका. त्या औषधापुढे ‘एस’ लिहायचंच नाही, असा अलीकडचा नियम आहे, कारण ते लागू पडलं तरी मूत्रपिंडाला जपून द्यावं लागतं आणि भरवसा कमीच असतो.

आता खरा प्रश्न. हा क्लेबसिएला जखम बिघडवतोय, की नुसता वस्तीला आलाय? तुम्ही ऊसवाले, तुम्हाला दुसरं उदाहरण कशाला हवं. एकाच रानात एकच तणनाशक वरचेवर मारलं की कोवळं तण जातं आणि लव्हाळा तेवढा राहतो, मोकळ्या रानात आणखी फोफावतो. वडिलांच्या जखमेवर तीन वेळा औषध फिरलं. त्यातून जे वाचले ते वर दिसणारच. त्यात तुमच्या कागदावर नमुन्याच्या जागी ‘वूंड स्वॅब’ लिहिलं आहे. म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस जखमेवरून फिरवला. तसा कापूस पृष्ठभागावर जो भेटेल त्याला घेऊन येतो. आधी सलाइननं जखम धुवावी, पांढरट मेलेला भाग काढावा आणि मग तळाचा मांसाचा बारीक तुकडा निर्जंतुक बाटलीत पाठवावा. त्या तुकड्यात जो उगवेल तो आरोपी. कल्चर पुन्हा करायचं झालं तर सर्जनना एवढंच विचारा, “स्वॅबऐवजी टिश्यू पाठवता येईल का?”

आणि ज्या गोष्टीपाशी तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती वेगळीच आहे. जखम वरून धरते आणि पुन्हा फुटते, असं तुम्ही लिहिलंय. धसकट पूर्ण निघालं होतं का? कुणी पाहिलं होतं? आमच्याकडे एकदा सर्जननी बाटलीत तुकडा पाठवला, मला वाटलं हाडाचा. धुतला तर तुरीच्या धसकटाची ढलपी निघाली, करंगळीच्या नखाएवढी, काळी पडलेली. चार महिने तो माणूस अँटिबायोटिक खात होता. एक्स-रेमध्ये लाकूड सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. आत काडी असेल तोवर जंतूंना तिच्यावर चिकट थर करून बसायला आयतं घर मिळतं, आणि त्या थराखाली ‘एस’वालं औषधही नीट पोचत नाही.

तेव्हा तालुक्याच्या सर्जनकडे, किंवा सोलापूरला जाणं झालं तर तिथं, एवढं बघून घ्या: आत काही राहिलंय का, जखमेत घातलेली सळई हाडाला लागते का, पावलावरची नाडी लागते का, आणि साखर किती आहे. हाडापर्यंत संसर्ग गेला असेल तर औषध आठवड्याचं राहत नाही, बहुधा सहा आठवडे चालतं. पाय काढायचा की नाही हे ‘आर’ किती आहेत यावर ठरत नाही. रक्त पोचतं का आणि किती भाग मेलाय, यावर ठरतं. दरम्यान त्या पायावर भार देऊ देऊ नका. ‘संडासापुरतं चालतात’ हे मला चालणार नाही, वॉकर आणा. लाली वर सरकली, ताप आला, किंवा कुजकट वास सुटला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा.

नातवंडांना खुशाल मांडीवर बसू द्या. साधा स्टॅफिलोकॉकस शंभरातल्या तिसेक माणसांच्या नाकात मुक्कामाला असतोच, कुणाला काही होत नाही. जखम झाकलेली असावी, टॉवेल आणि नखं कापायचं यंत्र वेगळं ठेवावं, आणि जो ड्रेसिंग करेल त्यानं आधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत. आधीसुद्धा. ते लोक विसरतात.

प्रश्न : आमच्याकडे कापलं-भाजलं की कॅप्सूल फोडून त्यातली भुकटी जखमेवर भरतात. लगेच सुकते. यात गैर काय? (एक गृहिणी, भूम)

उत्तर : सुकते ती भुकटी, जखम नव्हे. भुकटी, रक्त आणि जखमेतलं पाणी यांचा वर पापुद्रा धरतो आणि खाली पू कोंडतो. शिवाय त्या कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर पिष्टासारखं भरावही असतं, ते निर्जंतुक नसतं, ते पोटासाठी केलेलं आहे. मेलेल्या भागात औषध कुठं खूप, कुठं कणभर, असं पसरतं, आणि कणभर औषधातच जंतू शहाणे होतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात हाच धोका सांगितला होता: अपुरं औषध घेऊन तुम्ही जंतूंना शिकवाल.

वाहत्या नळाखाली पाच-दहा मिनिटं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा, बस. हळदीचंही कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगते: हळद भाजीत घाला. डब्यातला चमचा दिवसातून किती हातांतून जातो ते तुम्हालाच माहीत आहे. खोल लागलं असेल, माती-शेण गेलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायला दवाखान्यात जा. आणि ती कॅप्सूल चिठ्ठीशिवाय कुणी दिली, हेही एकदा मनाशी विचारा. पाकिटावर उभी लाल रेघ असते ती नक्षी म्हणून नसते. त्यातल्या जास्त तेज औषधांसाठी तर मार्च २०१४ पासून दुकानदाराला वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. गेल्या वर्षी सुट्टीत पुण्यात डेंग्यूसाठी चार दिवस दाखल होता. परत गेल्यावर गुडघ्याची जखम पिकली म्हणून तिथल्या रुग्णालयात गेला, तर ‘गेल्या बारा महिन्यांत परदेशात दाखल होतात का’ विचारून त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि तपासणीचे नमुने घेतले. आम्हाला हा अपमान वाटला. जंतूला दिल्लीचं नाव दिलंय म्हणूनच हे ना? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, राग समजतो. २०१० मध्ये या नावावरून गदारोळ झाला तेव्हा आमच्या विभागातही दोन तट पडले होते, आणि मी रागावलेल्यांच्या तटात होते. हकिकत अशी: स्वीडनमधला भारतीय वंशाचा एक रुग्ण दिल्लीत रुग्णालयात राहून परत गेला, त्याच्या नमुन्यात २००८ मध्ये हे नवं विकर मिळालं. मेरोपेनेमसारखी औषधं तोडून टाकणारं. त्याला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असं नाव पडलं, संक्षेपात एनडीएम. पण याच जातीच्या आणखी एका विकराला इटलीतल्या व्हेरोना शहराचं नाव आहे, ब्राझीलच्या साओ पावलोचंही एकाला आहे. त्या गावांनी काय केलं कोण जाणे.

माझा राग उतरला तो २०११ मध्ये. दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे विकर बनवणारं जनुक मिळालं, असं छापून आलं. नळाच्या पाण्यात! नावावरून भांडण्यात आपला वेळ गेला आणि ते जनुक गटारात मजेत एका जंतूकडून दुसऱ्याकडे जात होतं. ते फिरत्या तुकड्यावर बसलेलं असतं, क्लेबसिएलाकडून ई. कोलायला असं सहज दिलं जातं. वरच्या पत्रातल्या माळशिरसच्या जखमेत बहुधा हेच किंवा याचं भावंड असणार.

मुलाला जे विचारलं ते त्याच्या पारपत्रावरून नव्हे, रुग्णालयातल्या मुक्कामावरून. ग्रीसमध्ये दाखल होऊन गेलेल्या गोऱ्या माणसालाही हेच विचारतात. खरं सांगायचं तर आपल्याकडे एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेल्या रुग्णाला कुणी हे विचारलं असतं, तर माझ्या प्लेटा निम्म्यानं कमी झाल्या असत्या.

प्रश्न : माझं सिझेरियन झालं. ऑपरेशनआधी एकच इंजेक्शन दिलं, घरी सोडताना एकही अँटिबायोटिक नाही. शेजारणीला दुसऱ्या दवाखान्यात सात दिवस गोळ्या होत्या. माझ्याकडे दुर्लक्ष झालं का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : उलट, तुमच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. चीर देण्याआधी दिलेलं औषध चीर देताना रक्तात हजर असतं, तेच कामाचं. टाके घातल्यावर पुढं दिवसेंदिवस देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्याच सूचनांत आदल्या दिवशी वस्तऱ्यानं केस काढू नयेत, असंही आहे, कारण वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांत जंतू बसतात. ते अजून किती ठिकाणी चालतं, विचारू नका. टाक्यांतून पाणी आलं, कडा लाल झाल्या किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. बेंबीजवळचं छिद्र छान भरलं होतं. दीड महिन्यानं तिथं गाठ आली, आता पाण्यासारखा पू येतो. दुखत नाही, ताप नाही. तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिक्स झाल्या. दोनदा कल्चर केलं, ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट. आता टीबीची औषधं सुरू करू म्हणतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी जरा वेळ तसंच खाली ठेवलं. २००७ मध्ये माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं हेच झालं. आणि तिचे नमुने माझ्याच प्रयोगशाळेत आले होते.

पहिला आला. मी ४८ तास पाहिला, प्लेट कोरी. ‘वाढ नाही’ लिहून सही केली आणि प्लेट ऑटोक्लेव्हच्या बादलीत टाकली. महिन्यानं दुसरा, तेच. बहीण म्हणायची, “ताई, तुझं मशीन बिघडलंय.” मी हसायची. तिसरा आला दिवाळीच्या तोंडावर. सुट्टीत आमच्या मामांनी, म्हणजे अटेंडंटनी, इनक्युबेटर आवरलाच नाही. सहाव्या दिवशी मी दार उघडलं तर बहिणीच्या प्लेटवर रव्याची धूळ सांडल्यासारखं काहीतरी. बोटानं पुसून टाकणार होते. मग काचेवर घेऊन टीबीसाठी करतात तोच रंग दिला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या.

टीबीचाच दूरचा नातेवाईक आहे तो, मायकोबॅक्टेरियमच, पण टीबी नव्हे. पाण्यात आणि मातीत राहतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. यातले जे जखमेत येतात ते उगवायला तीन ते सात दिवस घेतात, आणि आम्ही दोन दिवसांत प्लेट फेकतो. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. टीबीच्या पहिल्या फळीतल्या औषधांनाही सहसा देत नाहीत, म्हणून तुमची ती औषधं सुरू होण्याआधी खात्री करून घ्या. दुर्बिणीची उपकरणं जंतुनाशक द्रावणात वीसेक मिनिटं बुडवून मग पाण्यात विसळली की हे जंतू त्या पाण्यातून पुन्हा चढतात. बहिणीचं ऑपरेशन झालं होतं तिथल्या सिस्टरांनी मला ती बादली दाखवली. उकळून गार केलेलं पाणी होतं, सकाळचं. संध्याकाळी बहिणीचं ऑपरेशन झालं होतं.

तिची गाठ पुन्हा उघडून पूर्ण काढावी लागली. क्लॅरिथ्रोमायसिन पाच महिने, सुरुवातीला अमिकासिनची इंजेक्शनं. आता बरी आहे. मशीनचं अजून काढते.

तुम्ही असं करा. सर्जनना गाठीचा तुकडा काढायला सांगा, नुसता पू नको. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘लॅपरोस्कोपीनंतरची जखम, दीड महिन्यानं’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या. एवढ्या चार शब्दांवर समोरचा माणूस प्लेट ठेवेल की फेकेल हे ठरतं. खाली ‘सात दिवस ठेवावे, एएफबी रंग द्यावा’ अशी ओळ असू द्या. एएफबी म्हणजे वर सांगितलेला टीबीसाठीचाच रंग. जंतू उगवला तर त्याची औषधांची चाचणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागेल, टिकल्यांनी भागत नाही.

मी निवृत्त झाले तेव्हाही आमच्या इनक्युबेटरच्या दारावर मामांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, चिकटपट्टी पिवळी पडलेली: ‘दुर्बिणीच्या प्लेटा आठ दिवस टाकू नये. बाई रागावतात.’